वर्षाच्या कवितेतला बैल

१५ फेब्रुवारी

ही डायरी नवीन वर्षाला विमलताईंनी दिली. त्या पुसद रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतात आणि रोज माझ्याच गाडीनं जातात. "राठोड, तुम्ही जेवढं बोलता त्यातलं अर्धं लिहीत जा, गाडीत तेवढीच शांतता," असं म्हणून दिली. आजपर्यंत कोरीच होती. एस.टी.च्या कंडक्टरला लिहायचं काम कमी नसतं, त्यात ही आणखी एक भर कशाला, असं वाटायचं. पण आज लिहिण्यासारखं घडलं.

आज आमच्या बंजारा समाजाच्या महाराजांची जयंती होती. तांड्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, सकाळी देवाला भोग चढवला, झेंडा बदलला. माझी पोरगी वर्षा यवतमाळच्या होस्टेलवरून काल रात्रीच आली होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी दिग्रसकडच्या तांड्यातून शंकरसिंग पवार आले, सोबत त्यांचा मुलगा सुनील. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, निर्व्यसनी आहे, मान खाली घालून बोलतो. पोरगी त्यांना पसंत पडली. होळी झाली की धुळवडीनंतर दोन दिवसांनी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात गूळ वाटायचा असं ठरलं. आमच्यात नायकासमोर गूळ वाटला की शब्द पक्का, मग माघार नाही.

वर्षा सगळ्यांसमोर म्हणाली, "मले आत्ता लग्न नाही करायचं."

सगळे हसले. माझी याडी, म्हणजे भुरीबाई, माझी आई, ती तर खूश झाली. आमच्याकडे लग्नाला पटकन हो म्हणणारी पोरगी चांगली समजत नाहीत. पोरीनं नाहीच म्हणायचं असतं, रडायचंच असतं, तीच रीत आहे. शंकरसिंग म्हणाले, "वळण चांगलं हाये बापा पोरीले." मीही हसलो. मला बरं वाटलं.

(घरात आम्ही गोरबोलीत बोलतो. लिहायचा हात मराठीचा आहे म्हणून इथं सगळे वऱ्हाडीत बोलतील.)

१६ फेब्रुवारी

वर्षाला माझ्याच गाडीनं परत नेलं. गाडीत गर्दी होती. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सगळा जिल्हा माहेरी चालला आहे असं वाटतं. मी मागून पुढपर्यंत कुठं जायचं, कुठं जायचं करत गेलो. वर्षाजवळून नुसताच पुढे सरकलो, तिचा पास असतो, तिला काय विचारायचं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

यवतमाळच्या स्टँडवर उतरताना तिनं कॉलेजचा वार्षिक अंक माझ्या हातात दिला. म्हणाली, "बापू, माही कविता छापून आली. वाचजा. समजली का फोन करजा. तोवर मी घरी नाही येत."

पोरगी लहानपणापासून अशीच आहे. मी हसून बॅगेत टाकला.

१७ फेब्रुवारी

कविता इथं उतरवून ठेवतो, अंक याडीच्या हातात पडला तर त्याचा पंखा होईल.

बैल हलत नाही

शिंगांना गोंडे बांधलेत,
पाठीवर झूल टाकली आहे,
झुलीवर मला उभं केलं आहे.
खाली सगळे रडतात, रीतीनं.
वर मी रडते,
तेही रीतीतच धरलं जातं.

माझ्या कांचळीवर खूप काचा आहेत.
प्रत्येक काचेत एक मी.
सगळ्यांचे ओठ हलतात,
ऐकू एकही येत नाही.

दोर ज्याच्या हातात आहे
तो चांगला माणूस आहे.
जन्मभर त्यानं परक्या माणसांना
एकच प्रश्न विचारला.
तो प्रश्न दोरावरून चालत
माझ्यापर्यंत येईल म्हणून
मी वाट पाहते.

लोक म्हणतात, हाक, हाक.
बैल हलत नाही.

पहिली गोष्ट, हिला यमक कुठंच नाही. आमच्या वेळी कविता पाठ व्हायची ती यमकामुळं. ही पाठ कशी करायची? पण चाल नसूनही मी ती दोनदा वाचली, हे खरं. पोरीचं नाव छापलं आहे, वर्षा रामधन राठोड. माझंही नाव छापून आलं म्हणायचं.

१८ फेब्रुवारी

पुष्पा, माझी बायको, शेवटचा कापूस वेचायला शेतात गेली होती. मी अंगणात याडीला कविता वाचून दाखवली. अर्ध्यातच तिनं पदर डोळ्याला लावला. "आच्छो छ," म्हणाली, म्हणजे छान आहे. "पोरीनं ढावलो लिव्हला."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ढावलो म्हणजे नवरीनं निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं गाणं. त्याला ठरलेली चाल नसते, सुचेल तसे शब्द. शेवटी तिला सजवलेल्या बैलावर उभं करतात आणि ती सगळ्या तांड्याचा निरोप घेते. आमच्या तांड्यात बैलाचा दोर बाप धरतो. आता कुणाकडे बैल राहिले नाहीत, नायकाच्या गोठ्यातला एक लग्नापुरता आणतात, पण आणतात. म्हणजे पोरीनं स्वतःच्या लग्नाचा ढावलो आधीच तयार केला. संध्याकाळपर्यंत ही बातमी तांडाभर झाली. नायक म्हणाला, "आजकालच्या पोरी डी.जे.वर नाचतात, तुही पोरगी ढावलो लिवून राह्यली. नशीबवान हायेस."

मी लगेच फोन केला. "समजली. ढावलो हाये थो."

"नाही बापू," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला.

सगळ्या तांड्याला कळली ती कविता चूक कशी असेल? राग आला. मग ठरवलं. या कवितेचा अर्थ मी काढणारच. ड्युटी सांभाळून काढणार, पण काढणार.

२१ फेब्रुवारी

आज विमलताईंना विचारलं. त्यांना पुढची सीट धरून ठेवली आणि घाट संपेपर्यंत शिकवणी घेतली. याला मुक्तछंद म्हणतात. यमक चुकून राहिलेलं नसतं, मुद्दाम सोडलेलं असतं. आणि बैल म्हणजे नुसता बैल नसतो, ते प्रतीक. एक वस्तू दाखवायची आणि दुसरंच सांगायचं.

"बैल म्हणजे कष्ट," ताई म्हणाल्या. "स्त्रीच्या वाट्याला आलेलं जू."

मी म्हटलं, "ताई, या बैलाच्या मानेवर जू नसते. त्याच्या पाठीवर नवरी असते." मग त्यांना आमची रीत सांगितली.

त्यांनी कविता पुन्हा वाचली. "हे मला माहीत नव्हतं. मग माझा अर्थ गेला. आता तुम्हीच शोधा. पण एक करा. प्रत्येक गोष्टीपुढं स्वतःला विचारा, ही इथं नसती तर काय बिघडलं असतं? आणि जे ढावल्यात असतं पण इथं नाही, तेही बघा. कवी काय गाळतो त्यातही अर्थ असतो."

उतरताना आणखी एक बोलल्या. "काचांवर जास्त वेळ द्या. तिथं ती स्वतःकडं बघते आहे. कवितेचा जीव तिथं असतो." मी डबल बेल दिली.

२४ फेब्रुवारी

काम लावून घेतलं आहे. याडीला बसवून जुना ढावलो म्हणायला लावला. तिला बिचारीला वाटलं मी लग्नाच्या तयारीला लागलो. तिनं तिचा स्वतःचा म्हटला, मग तिच्या बहिणीचा. ऐकून शेजारच्या दोघी येऊन रडून गेल्या.

सगळ्या ढावल्यांत एक गोष्ट सारखी निघाली. रडणं झालं की शेवटी नवरी आशीर्वाद देते. बापाचा गोठा भरलेला राहो, भावाच्या घरी पाळणा हलो, तांडा नांदो, आणि मग जाते. वर्षाच्या कवितेत आशीर्वाद नाही. आणि ती जातही नाही. कविता संपते तेव्हा बैल तिथंच उभा.

दुसरं, ढावल्यात सगळ्यांची नावं असतात. माझी याडी, माझा वीरा, म्हणजे भाऊ. इथं एकाचंही नाव नाही. फक्त चांगला माणूस. दोर बापच धरतो, म्हणजे तो मी. एवढं मला कळलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं. छापील कागदावर आपल्याला कुणी चांगला म्हणेल असं वाटलं नव्हतं.

आता राहिला तो प्रश्न. परक्या माणसांना मी कोणता प्रश्न विचारतो? मी तर सगळ्यांना सगळंच विचारतो. त्याचीच घरात तक्रार असते.

२७ फेब्रुवारी

वर्षाला फोन. "प्रश्न सापडला. जेवला का, हा. मी कोणालेबी भेटलो का पहिले थेच विचारतो."

"नाही बापू. थे तुमी मलेबी विचारता. रोज विचारता."

"मंग तब्येत?"

"थेबी विचारता." ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही. "पण तुमी शोधून राह्यले न, शोधा."

आवाज मऊ होता. तेवढ्यावर आजचा दिवस गेला.

३ मार्च

शंकरसिंगांचा फोन. एप्रिलमध्ये तारीख धरू म्हणतात, लगेच पुण्याला खोली घेऊ. मी शिक्षणाचं काढलं. "शिकंल न तिकडं, कोण नाही म्हनते? नंतर पाहू." नंतर पाहू हे मी डेपोत फार ऐकलं आहे. तरी हो म्हणून टाकलं. व्याह्याशी पहिल्याच फोनला वाकडं कशाला घ्यायचं?

पुष्पा नव्या कांचळीला, म्हणजे लग्नाच्या चोळीला, काचा लावत बसली आहे, वर्षासाठी. मी एक काच उचलून बघितली. डोळा दिसला तर नाक दिसत नाही, नाक दिसलं तर तोंड नाही. सगळ्या मिळूनही एक माणूस होत नाही. विमलताईंनी जास्त वेळ द्या म्हटलं होतं, दिला. पुष्पा म्हणाली, "ठेवा थे, कामाचं हाये."

ड्युटीवर आज एका म्हाताऱ्याशी वाद. कुठं जायचं, कुठं जायचं, चार वेळा विचारलं तर म्हणतो पोराच्या गावी. अरे बाबा, गावाला नाव असेल ना. माणसानं आधी कुठं जायचं ते सांगावं, मग बसावं. शेवटी शेजारच्या बाईनं ओळखून नाव सांगितलं. कवितेत प्रगती नाही.

८ मार्च

सापडला.

दुपारची यवतमाळ गाडी. पुसदला नव्या नवरीला घेऊन एक कुटुंब चढलं. पोरीच्या हाताला मेंदी, डोळे सुजलेले. वय वर्षाएवढंच. मी सवयीनं तिच्यापुढं मशीन धरून विचारलं, "कुठं जायचं?"

तिनं तोंड उघडलं आणि मागच्या सीटवरून नवरा म्हणाला, "तिचं माह्याकडं हाये, दारव्हा पाच." ती पुन्हा खिडकीकडं वळली.

मी तिथंच उभा राहिलो. मशीनवर बोट तसंच. मी जन्मभर हाच एक प्रश्न विचारला. दारुड्याला विचारला, चोराला विचारला, साहेबाला विचारला. त्या दिवशी गाडीत सगळ्यांना विचारत गेलो आणि स्वतःच्या पोरीजवळून पास आहे म्हणून पुढे सरकलो. जयंतीला तिनं न विचारता सांगितलं तर हसलो. पोरगी त्या हसण्यापाशी उभी आहे, बैलावर, आणि दोर माझ्या हातात.

ड्रायव्हर भारत पुढून ओरडला, "काहून हो रामधनभाऊ, घंटी देता का मुक्काम करता?"

घंटी दिली. उद्या रजा टाकली आहे.

९ मार्च

होस्टेलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं होतं. वर्षा आली, समोर बसली. मी गाडीत सगळी मांडणी करून ठेवली होती. काचा म्हणजे काय, आशीर्वाद का नाही, मुक्तछंद का. तिच्याकडं बघितलं आणि मांडणी गेली.

"कुठं जायचं, बाई?" एवढंच विचारलं.

ती खूप वेळ रडली. हे रडणं रीतीतलं नव्हतं, मला आता फरक कळतो. टपरीवाल्यानं न मागता पाणी आणून ठेवलं.

मग म्हणाली, "मले अजून माहीत नाही बापू. शिकणं पुरं करतो. मंग कळंल. सुनील वाईट नाही, पण मले तिकडं नाही जायचं, एवढं माहीत हाये."

कुठं जायचं ते माहीत नसलेल्या माणसावर मी आत्ताच सहा दिवसांपूर्वी डाफरलो होतो. तिला म्हटलं, "बस मंग. माहीत झालं का सांगजो."

चहा झाल्यावर मी माझा अर्थ सांगितला. दोर मी, प्रश्न हा, बैल म्हणजे तांडा. लोक हाक म्हणतात तरी तांडा जागचा हलत नाही, जुन्या रीतीत अडकून बसला आहे.

"बाकी सगळं बरोबर," ती म्हणाली. "बैल चुकला. बैल मीच हाओ. वर उभी हाये थेबी मी, अन् खाली पाय रोवून उभी हाये थेबी मीच. वरचीले कोणी ऐकत नाही न, मंग खालचीनं नाही हलायचं ठरवलं."

परतीच्या गाडीत मी प्रवासी म्हणून बसलो. पोरगी किती पक्की आहे हे वडिलांना अंकातून कळावं, याची लाज वाटली आणि अभिमानही. धुळवडीनंतर दोन दिवसांनी गूळ आहे. त्याआधी मोडायचं. कसं ते माहीत नाही, पण मोडायचं.

१२ मार्च

नायकाकडं सांगून आलो. तो हसला. "अरे, पोरी असंच म्हनतात. माही बहीण तं विहिरीवर जाऊन बसलती. आता नातवंडं खेळवून राह्यली."

शंकरसिंगांना फोन केला. तेही हसले. "तुमच्या पोरीचा ढावलो आमच्या तांड्यात पोचला. आमच्या बाया रडल्या. आनू गूळ."

पोरगी नाही म्हणते, एवढी साधी गोष्ट कुणाच्या कानात शिरत नाही. ती सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या जागी जाऊन बसते. मी स्वतः असाच होतो, महिनाभरापूर्वी. त्यामुळे कुणाला बोलणार? पुष्पाला सांगितलं तर तिनं कांचळी खाली ठेवली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. लोक काय म्हणतील हेही तिनं विचारलं नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

१६ मार्च

होळीत लेंगीची गाणी म्हणायला गेलो नाही, पहिल्यांदाच. आज नायकाच्या दारात सगळे जमले. शंकरसिंग पाहुण्यांसह आले, गुळाची परात मधोमध. सुनीलही आला होता. मी उभा राहिलो. मला वाटलं होतं कविता वाचली की सगळ्यांना कळेल. मला कळायला वेळ लागला, पण मी आता अर्थ लावून सांगू शकतो. अंक काढून कविता वाचली. आवाज गाडीतल्यासारखा लावला.

संपली तेव्हा बायकांत हुंदके सुरू होते. शंकरसिंगांनी डोळे पुसले. नायक म्हणाला, "वा. असा ढावलो बापाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. वाटा गूळ."

अंक मिटला. एवढी चांगली कविता, आणि तिच्यातलं 'नाही' कुणी मानायलाच तयार नाही. मग जे साधं होतं ते बोललो. "गूळ वाटायचा नाही. पोरीचं नाही हे तुमाले रीत वाटते, तं राहू द्या. मी नाही म्हणतो. बापानं नाही म्हणायची रीत तं कुठं नाही न?"

एकही माणूस हसला नाही. परातीवर माश्या बसत होत्या, त्या कुणी हाकलल्या नाहीत. शंकरसिंग उठले, "शब्द फिरवला तुमी," म्हणाले. मी हो म्हटलं. शब्द मीच दिला होता, फिरवायचाही मलाच होता. सुनीलनं जाताना माझ्या पायाला हात लावला, ते मात्र फार लागलं. नायक म्हणाला, पुढं तुझ्या दारात कोण येईल? मी म्हटलं, येईल त्याला पाणी देईन.

याडीनं तिथंच जाहीर केलं की ती माझ्या हातचं जेवणार नाही. ती माझ्या हातचं कधीच जेवत नाही, स्वयंपाक पुष्पा करते. पण तिचं दुःख खरं आहे.

वर्षाला रात्री फोन केला. तिनं आधी विचारलं, "जेवले का बापू?"

२० मार्च

नायकाच्या घरचे वाटेत दिसले तर तोंड फिरवतात. गेले दोन दिवस गाडीत तांड्यातले लोक मला न बोलता नुसते बोटानं गाव दाखवतात. तरी मी त्यांना विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत तिकीट काढत नाही. एकजण आज बोलला. बाकीचेही बोलतील. मला घाई नाही. वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, तिला गाडीतून डबा पोचवायची सोय लावली आहे.

पुष्पा आठ दिवस गप्प होती. मी समजलो की तिला माझं वागणं पटलं नाही. सोन्यासारखं स्थळ, तिनं काचा लावलेली कांचळी, सगळं मी मोडलं. बायकांच्या घोळक्यात त्या दिवशी ती मागे होती, तिला कविता नीट ऐकूही आली नसेल. आज संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "थे कविता वाचा बरं एकडाव. हळू वाचा."

मी चुलीजवळ बसून वाचली. प्रत्येक ओळीला थांबत वाचली. तव्यावरची भाकरी करपत होती, तिनं उलटली नाही.

"सुरुवातीचं," ती म्हणाली. "रडण्याचं. थे पुन्हा वाचा."

"वर मी रडते, तेही रीतीतच धरलं जातं."

तिनं तवा खाली उतरवला. पिठाच्या हातानंच तोंड पुसलं, गालाला पीठ लागलं.

"हे वर्षानं लिव्हलं?" ती म्हणाली. "मले वाटे, माह्या एकटीचंच असं झालतं."

आमच्या लग्नात पुष्पाचा ढावलो फार गाजला होता. त्या दिवशी मी मुंडासं बांधून बाजूला उभा होतो आणि माझे मित्र म्हणत होते, काय गळा आहे तुझ्या बायकोचा. मला आज तिला काहीही विचारता आलं नाही. उद्या रजा नाही, पण ड्युटी दुपारची आहे. सकाळी याडी देवळात गेली की विचारणार आहे.